दोन दिवसांचे पाहुणे, सात दिवसांचा भार

गोव्यातील पर्यटनाचा हंगाम पूर्वी ऑक्टोबर ते मे असा मोजला जाई. आता तो शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत असा मोजावा लागतो. मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद, बेळगाव वा कोल्हापूरहून चार-सहा मित्रमैत्रिणी एकत्र निघतात, दोन रात्री गोव्यात काढतात आणि सोमवारी आपापल्या कामावर हजर होतात. पावसाळ्यातही हा ओघ आटत नाही. परदेशी पर्यटकाचा पंधरवड्याचा मुक्काम आणि देशी कुटुंबाची दिवाळी-नाताळची सहल या दोन प्रकारांभोवती ज्या राज्याने आपले पर्यटन उभे केले, त्या राज्यात आज शनिवार-रविवारचा हा तरुण पाहुणा बाजाराची दिशा ठरवतो आहे. खोल्यांचे भाडे, टॅक्सीची मागणी, रस्त्यावरील कोंडी, पोलिसांची बंदोबस्ताची पाळी आणि पंचायतीच्या कचऱ्याच्या गाड्यांच्या खेपा हे सारे त्याच्या वेळापत्रकाशी बांधले गेले आहे.

पर्यटन खात्याच्या आकडेवारीनुसार २०२४ साली राज्यात सुमारे १ कोटी ४ लाख पर्यटक आले. त्यांतील परदेशी पर्यटक पाच लाखांहूनही कमी होते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. म्हणजे राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे वर्षाकाठी सात पाहुणे, असे ढोबळ गणित निघते. हा आकडा दरवर्षी अभिमानाने जाहीर होतो. किती आले हे तो सांगतो. कुठल्या गावात झोपले, किती रात्री राहिले, एकाच शनिवारी किती जण एकाच रस्त्यावर होते, त्यांच्यासाठी किती पाणी लागले आणि त्यांच्या खर्चातील किती पैसा त्या गावात उरला, यांविषयी तो मुका आहे. सरासरीच्या हिशेबात मंगळवारची रिकामी खोली आणि शनिवारची तुंबलेली गल्ली एकमेकींना झाकतात. पाण्याची टाकी, मलनिस्सारणाची टाकी आणि अरुंद रस्ता मात्र सरासरीवर चालत नाहीत. ते सर्वाधिक गर्दीच्या रात्री टिकतात किंवा कोलमडतात.

या बदलाची तीन टप्पे दाखवणारी तीन ठिकाणे गोव्यातच आहेत. पणजीच्या फोंताईन्हास भागात गर्दी येऊन मुरली आहे. पेडण्यात ती सध्या उतरते आहे. डिचोलीत तिला बोलावण्याची तयारी चालू आहे. पहिल्या दोन ठिकाणी जे निसटले ते तिसऱ्या ठिकाणी वेळेत धरता येईल का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

राहता वाडा की देखावा?

मित्रांच्या टोळीने समुद्रकिनारा सोडून एखादी दुपार शहरात घालवायचे ठरवले, तर तिची पावले हमखास फोंताईन्हासकडे वळतात. आल्तिनो टेकडीचा पायथा आणि रुआ द ओरेंची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेला हा भाग. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून त्याला नाव मिळाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये संपत्ती मिळवून परतलेल्या एका गोमंतकीयाने येथे वस्ती वसवली, असे त्याच्या इतिहासात सांगितले जाते. साथींनी ओसाड पडत गेलेल्या जुन्या गोव्याकडून राजधानी अधिकृतपणे १८४३ मध्ये पणजीला आली, तेव्हा सरकारी कारकून, छपाईकार, शिंपी आणि लहान व्यापारी अशा मध्यमवर्गाची घरे या भागात दाटली. अरुंद गल्ल्या, रंगीत भिंती, नळ्यांची छपरे आणि रस्त्यालाच लागून असलेले बाल्कांव ही त्या वस्तीची गरज होती. घरे लहान होती, अंगण नव्हते, म्हणून माणसे दारात बसत.

आज तीच दारे छायाचित्राची पार्श्वभूमी झाली आहेत. शनिवारी सकाळपासून ३१ जानेवारी मार्गावर आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मोबाईल धरून उभ्या असलेल्या तरुणांचे गट दिसतात. विवाहपूर्व चित्रीकरणासाठी येणाऱ्यांची त्यात भर पडते. घराच्या पायरीवर न विचारता बसणे, खिडकीच्या गजातून आत डोकावणे, दारात लावलेली गाडी काढायला सांगितल्यावर हुज्जत घालणे यांविषयी रहिवासी अनेक वर्षे तक्रार करीत आहेत. छायाचित्रे काढू नयेत, शांतता राखावी, अशा पाट्या त्यांनी स्वतःच्या भिंतींवर लावल्या. स्वतःच्या घराबाहेर अशी पाटी लावावी लागणे ही त्या वस्तीचा ताबा हळूहळू सुटत चालल्याची खूण आहे.

गैरवर्तन हा त्यातला वरवरचा भाग. मूळ प्रश्न अर्थकारणाचा आहे. वारसांत विभागलेले, अर्धे वारस लिस्बन, मुंबई वा लंडनमध्ये असलेले जुने घर सांभाळणे खर्चिक असते. दरवर्षी पावसाआधी कौले चाळावी लागतात, वासे बदलावे लागतात, भिंतींना रंग द्यावा लागतो. अशा घराला अतिथिगृहाचा किंवा कॅफेचा प्रस्ताव आला तर तो नाकारणे कठीण. त्यामुळे काही घरे वाचली, हेही तितकेच खरे. पण एकेक करून घरे रात्रीच्या हिशेबाने भाड्याने जाऊ लागली की वाड्यातील कायमचे शेजारी कमी होतात. शेजारी कमी झाले की पोदेराची फेरी आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकान यांचे गणित जमेनासे होते. फोंताईन्हास सुंदर दिसते ते तेथे माणसे राहत होती म्हणून. माणसे गेली की उरतो तो रंगवलेला पडदा.

पोर्तुगालची राजधानी याच वाटेने आधी गेली आहे. लिस्बनच्या आल्फामा आणि मोरारिया या जुन्या वस्त्यांत पर्यटकांसाठीच्या घरांची संख्या इतकी वाढली की २०१८ च्या अखेरीस तेथील नगरपालिकेला अशा भागांत नवे परवाने देणे थांबवावे लागले. बार्सिलोनाने तर जून २०२४ मध्ये शहरातील दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला. दोन्ही शहरांनी निर्णय घेतला, पण रहिवासी मोठ्या संख्येने बाहेर पडल्यानंतर. पणजी महापालिकेला आणि राज्य सरकारला ही उदाहरणे परकी वाटण्याचे कारण नाही. मांडवीतील कॅसिनोंची रात्रभर चालणारी वर्दळ आणि स्मार्ट सिटीच्या कामांनी दीर्घकाळ खणलेले रस्ते यांमुळे या लहानशा राजधानीची सहनशक्ती आधीच ताणली गेली आहे.

पेडणे : दार उघडले, अंगण कोणाचे?

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांची क्षमता असलेला हा विमानतळ पेडण्याच्या पठारावर उभा राहिला. पर्यावरणीय परवान्यातील त्रुटींवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्याचे काम रोखले होते आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठवली. जांभ्या दगडाचे हे पठार पावसाचे पाणी मुरवते आणि पायथ्याच्या गावांतील झरे जिवंत ठेवते, हा मुद्दा त्या वादात ठळकपणे मांडला गेला होता. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल आदी गावांतील जमिनी आणि काजूच्या बागायती या प्रकल्पासाठी गेल्या.

विमानतळाने शनिवार-रविवारच्या सहलीचा भूगोल बदलला. पूर्वी दाबोळीला उतरणारा पर्यटक कळंगुट-बागा गाठेपर्यंत थकत असे आणि पेडण्याचा किनारा त्याला दूर वाटे. आता मोपाहून धारगळमार्गे निघालेली टॅक्सी तासाभराच्या आत मोरजी, आश्वे, मांद्रे वा हरमल गाठते. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या जोडरस्त्याने हा प्रवास आणखी सुकर केला. ज्याच्याकडे फक्त दोन रात्री आहेत त्याच्यासाठी वाचलेले दोन तास ही मोठी गोष्ट असते. त्यामुळे एकेकाळी निवांतपणासाठी ओळखला जाणारा हा किनारा मित्रांच्या टोळ्यांचा पहिला थांबा बनला. पणजीकडे जाणाऱ्यांना मात्र पर्वरीची कोंडी ओलांडावी लागते. तेथे उड्डाणमार्गाचे काम चालू झाल्यापासून अनेकांनी शहराचा बेत अर्ध्या दिवसावर आणला आहे. पाहुण्यांचा मुक्काम त्यामुळे पेडण्यातच अधिक साचतो.

२०११ च्या जनगणनेत संपूर्ण पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. तालुक्याची पाण्याची भिस्त चांदेल येथील जलशुद्धीकरण प्रकल्पावर आणि तिळारीच्या पाण्यावर. तिळारीचा कालवा फुटला की पेडण्यातील नळ कोरडे पडतात, हा अनुभव तालुक्याने घेतला आहे. अशा तालुक्यात आता एकेका गावात तरणतलावासह बांधलेल्या भाड्याच्या घरांची रांग उभी राहते आहे. दुसऱ्या बाजूला, मोरजी आणि मांद्रेचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी राखलेला आहे. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत या किनाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. कासव अंडी घालायला येते तो काळ हिवाळ्याचा आणि पर्यटकांच्या ऐन गर्दीचाही तोच. वाळूतून बाहेर पडलेले पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. समुद्राचा मंद उजेड आणि नाईट क्लबचा झोत यांतला फरक त्याला कळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न महोत्सव धारगळला भरवण्याचा निर्णय झाला तेव्हा हा ताण उघडपणे बाहेर आला. गावात विरोध झाला, पंचायतीत मतभेद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर अटींसह महोत्सव पार पडला. गावाला तीन दिवस कसे गेले याहून महत्त्वाचा प्रश्न त्यातून पुढे आला. हजारोंच्या गर्दीचा निर्णय घेण्याआधी तो भार वाहणाऱ्या गावाला विचारण्याची रीत आपल्याकडे आहे का? लहान प्रमाणात हाच प्रश्न दर शनिवारी प्रत्येक वाड्यावर उभा असतो. फरक एवढाच की त्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही.

जमिनीच्या बाबतीतही असेच झाले. नगरनियोजन कायद्यातील १७(२) या कलमाचा आधार घेऊन शेतजमिनी आणि बागायतींचे विभाग एकेका भूखंडापुरते बदलले जात होते. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासंबंधीचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. सुटीच्या घराला मागणी आहे म्हणून डोंगर कापला जातो, हे समीकरण पेडण्यातील कोणत्याही ग्रामसभेत आता नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

घरपट्टी तीच, माणसे वीस

मित्रांच्या टोळीला हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा चार खोल्यांचे एक घर सोयीचे पडते. भाडे माणशी वाटले जाते, स्वयंपाकघर मिळते, रात्री उशिरापर्यंत एकत्र बसता येते. गाडीही भाड्याची. सामान वाटेवरच्या मोठ्या दुकानातून घेतलेले. घराचा मालक अनेकदा राज्याबाहेरचा, त्याची देखभाल करणारी संस्था दुसरी, नोंदणी करणारे संकेतस्थळ तिसरे. गावातून या साखळीत शिरतो तो झाडू मारणारा, बागेला पाणी घालणारा आणि पाण्याचा टँकर आणणारा. टॅक्सीवाल्यालाही यात वाटा मिळवण्यासाठी झगडावे लागते. मोपा विमानतळावर स्थानिकांना काउंटर मिळावा म्हणून पेडण्याच्या टॅक्सीचालकांनी केलेली आंदोलने हे त्याचेच उदाहरण.

पर्यटक खोलीच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर भरतो, तो केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जातो. पंचायतीच्या हाती उरते घरपट्टी, व्यवसाय परवान्याचे शुल्क आणि कचरा शुल्क. १९९४ च्या पंचायत राज कायद्याने दिलेले हे अधिकार गावातल्या गावात चालणाऱ्या व्यवहारांसाठी पुरेसे होते. एखादे घर राहते म्हणून नोंदलेले असेल आणि प्रत्यक्षात दर शनिवारी वीस माणसे उतरवत असेल, तर पंचायत त्याच्याकडून एका कुटुंबाची घरपट्टी घेते आणि वीस माणसांचा कचरा उचलते. बाटल्या, प्लास्टिक, उष्टे अन्न यांचा ढीग सोमवारी सकाळी वळणावर दिसतो तेव्हा गावकरी पंच मंडळींना जाब विचारतात. ज्याने पैसे कमावले तो गावातच नसतो आणि ज्याने मजा केली तो तोवर कार्यालयात पोचलेला असतो.

गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पर्यटकांना घर वा खोली भाड्याने देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे त्यानुसार बंधनकारक आहे. खाते वेळोवेळी नोटिसा बजावते. तरी नोंदणीविना चालणारी घरे आहेतच. कारण घर शोधण्याचे काम खात्याच्या मोजक्या निरीक्षकांवर सोडलेले आहे, तर जाहिरात मात्र जगभर मोबाईलवर झळकते आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर संकेतस्थळाने ती दाखवूच नये, असा नियम असता तर निरीक्षकाचे निम्मे काम आपोआप झाले असते.

या ढिलाईची किंमत फक्त कचरा आणि गोंगाट यांत मोजून भागत नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री, शनिवारीच, बार्देशातील हडफडे येथील नाईट क्लबला आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत बहुसंख्य तेथे काम करणारे होते. परवाने, ना-हरकत दाखले आणि एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा गुंता त्यानंतर सगळ्यांनी पाहिला. दोन दिवसांच्या सहलीसाठी रात्रंदिवस राबणारा स्वयंपाकी वा वाढपी हाही या हिशेबातला माणूस आहे. किती जणांची सोय कुठे आहे, बाहेर पडण्याची वाट कोणती, हे कुणीतरी शनिवारपूर्वी मोजायला हवे. शनिवारी रात्री ते मोजून उपयोग नसतो.

डिचोली : वाटेतला तालुका

बेळगावहून चोर्ला घाट उतरून येणारी गाडी साखळी आणि डिचोली ओलांडूनच पणजी वा म्हापसा गाठते. डिचोली पर्यटकाला वाटेत लागते, मुक्कामाला नाही. वास्तविक पाहण्यासारखे येथे कमी नाही. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मूळ देवस्थान पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केल्यावर देव नार्वे येथे आणला गेला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. पुरातत्त्व खात्याने केलेल्या नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. हरवळेचा धबधबा, तेथील कोरीव लेणी आणि रुद्रेश्वर, लामगावची लेणी, डिचोलीतील नमाजगाह, मयेचा तलाव ही सारी स्थळे काही तासांच्या अंतरात बघून होतात. पणजीहून रायबंदरची फेरी पकडून चोडणमार्गे मयेला जाणारा रस्ता तर खाजनांच्या कडेने जाणारा, राज्यातील सुंदर रस्त्यांपैकी एक.

या तालुक्याला पर्यटनाची ओढ का लागली, हे समजून घ्यायचे तर खाणींकडे पाहावे लागते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकमालक, बार्जवर काम करणारे, गॅरेजवाले, रस्त्याकडेला चहा-भजी विकणारे अशा हजारो कुटुंबांचे उत्पन्न एका रात्रीत आटले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली खाणपट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले खरे, पण जुना रोजगार तसाच परतला नाही आणि पिळगाव, मुळगावसारख्या गावांतील शेतीच्या नुकसानीचे प्रश्नही संपले नाहीत. सुमारे ९८ हजार लोकसंख्येच्या (२०११) या तालुक्याला दुसरा आधार हवा आहे. तो शोधताना एका उद्योगावर विसंबण्याची जुनी चूक दुसऱ्या उद्योगाच्या बाबतीत होऊ नये, इतकी सावधगिरी खाणींनी शिकवली आहे.

राज्य सरकारने किनाऱ्यापलीकडच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. अकरा मंदिरांना जोडणारी ‘एकादश तीर्थ’ योजना, अंतर्गत भागातील महिलांना प्रोत्साहन देणारे होमस्टे धोरण, मयेतील साहसी क्रीडा ही त्याची दृश्य रूपे. हेतू चांगला आहे. पण मयेसारख्या गावात घराच्या कागदांचा प्रश्न पिढ्यानपिढ्या रेंगाळलेला आहे. पोर्तुगीज काळातील मालकीहक्कांमुळे तेथील शेकडो कुटुंबे स्वतःच्या घरात राहूनही मालक नव्हती. त्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कोमुनिदादच्या आणि सरकारी जागेतील घरांसाठी २०२५ मध्ये ‘माझे घर’ योजना आली. होमस्टेच्या नोंदणीला घराचे कागद लागतात. ज्या बाईच्या हातात ते नाहीत तिच्यासाठी योजना कागदावरच राहते आणि ज्याच्याकडे विकत घेतलेली जमीन आहे तो बाहेरचा गुंतवणूकदार आधी पोचतो. पेडण्यात नेमके हेच घडले. डिचोलीत ते टाळायचे असेल तर आधी स्थानिकांच्या घरांचे कागद आणि मग पर्यटनाची जाहिरात, हा क्रम पाळावा लागेल.

गर्दीविषयी डिचोलीने अलीकडेच एक कठोर धडा घेतला आहे. ३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगाव येथील श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. जत्रा आणि सहल यांची तुलना होऊ शकत नाही. श्रद्धेने येणारा धोंड आणि मौजेसाठी येणारा पर्यटक वेगळे. पण अरुंद, उताराची वाट दोघांना सारखीच असते. हरवळेच्या पायऱ्या, लेण्यांसमोरची मोकळी जागा, नार्वेच्या मंदिराकडे जाणारा रस्ता यांची एका वेळी किती माणसे सामावून घेण्याची क्षमता आहे, हे आज कुठल्या फलकावर लिहिलेले नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर कोणी बुडाले की बंदी घालायची आणि ऊन पडले की जाहिरात करायची, या दोन टोकांमध्ये नियोजन नावाची गोष्ट असते.

मोजणे हाच पहिला उपाय

जगभरात यावर निरनिराळे प्रयोग झाले आहेत. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून मुक्काम न करता एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. ते मुख्यतः सुटीच्या आणि आठवडाअखेरच्या दिवसांपुरतेच. गर्दी त्यामुळे फारशी घटली नाही, अशी टीका झाली. मात्र कुठल्या दिवशी किती माणसे येतात याची नोंद शहराच्या हाती आली. आपल्याच देशात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकॅनालला जाणाऱ्या वाहनांना ई-पास लागू झाला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यासाठी उटीत इतर दिवशी सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार वाहने अशी मर्यादाही घातली गेली. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आहे. तेथील व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात आणि प्रवेशशुल्काचा पैसा त्या व्यवस्थेकडे येतो.

गोव्याने यातले काहीही जसेच्या तसे उचलण्याची गरज नाही. पत्रादेवीच्या सीमेवर कर लावला तर दळणवळण अडेल, शेजारच्या सिंधुदुर्गाशी असलेले नात्यागोत्याचे येणेजाणे दुखावेल आणि वाद मूळ विषयापासून भरकटेल. पण कासचा धडा डिचोलीला लागू पडतो. हरवळे, लामगाव, मये येथील स्थळांची क्षमता ठरवणे, शनिवार-रविवारची नोंदणी आगाऊ घेणे, वाहने लांब उभी करून कदंबच्या लहान बसगाड्या सोडणे आणि शुल्काचा ठरलेला वाटा ग्रामसभेच्या देखरेखीखाली त्याच गावात खर्च करणे, हे आजच्या कायद्यांच्या चौकटीत होऊ शकते. गर्दी अजून आलेली नसल्याने येथे कुणाचा धंदा बंद करावा लागणार नाही. उशीर झाला की याच उपायांना विरोध करणारे हितसंबंध तयार होतात. पेडण्यात ते तयार झाले आहेत.

पेडण्यासाठी उपाय अवघड असला तरी अशक्य नाही. पर्यटन खात्याची नोंदणी, पंचायतीची घरपट्टी आणि वीज-पाण्याची जोडणी या तीन नोंदी एकत्र ठेवल्या की राहते घर कोणते आणि भाड्याचे कोणते हे उघड होईल. रात्रीच्या हिशेबाने भाड्याने जाणाऱ्या घरासाठी घरपट्टीचा वेगळा वर्ग ठरवता येईल. त्यातून येणारा पैसा कचरा, पाणी आणि रात्रीची देखरेख यांसाठीच वापरण्याचे बंधन घालता येईल. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. ही मनाई शनिवारी रात्रीही लागू असते, एवढे जरी पोलिसांनी कृतीत आणले तरी मोरजी-आश्वेच्या रहिवाशांची झोप आणि कासवांचा किनारा या दोहोंना दिलासा मिळेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बंधने वाढली तर पर्यटक दुसरीकडे जाईल आणि पेडण्यातला टॅक्सीचालक, शॅकवाला, खोली भाड्याने देणारी विधवा यांचा रोजगार बुडेल. ही भीती खोटी नाही. त्याच माणसांच्या नावाने बंधने टाळली जातात, पण मोकाट बाजारात सर्वांत आधी बाजूला पडतातही तीच माणसे. एक खोली नोंदवून कर भरणाऱ्या स्थानिक बाईला नोंदणी न केलेल्या आलिशान घराशी स्पर्धा करावी लागते. नियम सर्वांना सारखे लागू झाले तर फायदा तिचा आहे. रिकाम्या मंगळवारी खोली भरावी, शनिवारचा भार हलका व्हावा, यासाठी मधल्या दिवसांत दर कमी ठेवण्यापासून मंदिरे आणि गाव पाहण्याच्या सहली आखण्यापर्यंत सरकारला बरेच करता येईल. येणाऱ्यांची संख्या न वाढवताही गावाचे उत्पन्न वाढू शकते. त्यासाठी पाहुणा एकाऐवजी दोन रात्री अधिक राहिला पाहिजे आणि त्याने गावातल्या माणसाला पैसे दिले पाहिजेत.

पणजीच्या जुन्या वाड्यात मात्र वेळ थोडा उरला आहे. पर्यटक-निवासांच्या नव्या परवान्यांवर प्रभागनिहाय मर्यादा, शनिवार-रविवारी गल्ल्यांत वाहनबंदी, व्यावसायिक चित्रीकरणासाठी शुल्क आणि ते शुल्क जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवणे, हे महापालिका आणि सरकार एकत्र येऊन करू शकतात. वारसा म्हणून ज्या भिंतींचे कौतुक होते, त्यांच्या आतला माणूस टिकला तरच वारसा टिकतो.

मित्रांसोबत दोन दिवस समुद्रकाठी घालवण्याची इच्छा निरागस आहे आणि पाहुण्याचे स्वागत करण्याची गोव्याची रीतही जुनी आहे. यजमानाने आपल्या घरात किती पाट मांडता येतील हे आधी पाहावे, एवढेच शहाणपण त्या रीतीत गृहीत होते. राज्याच्या पर्यटन खात्याने पुढच्या वर्षी पर्यटकांचा आकडा जाहीर करताना तो तालुकावार, गाववार आणि रात्रींच्या हिशेबाने जाहीर करावा. त्या एका तक्त्यातून फोंताईन्हासमध्ये काय वाचवायचे, पेडण्यात काय आवरायचे आणि डिचोलीत काय सुरूच होऊ द्यायचे नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळेल. तोवर एक कोटीचा आकडा हा यशाचा पुरावा म्हणून मिरवणे घाईचे ठरेल.